पिशवी, पाळी आणि पाळणा : घरासाठी आणि फडासाठी थोडी माहिती



या पानावर ऊस विकास विभागाकडून नेहमी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची पाचट नाहीतर ठिबकचे वेळापत्रक येत असते. या खेपेस विषय वेगळा आहे, आणि शेतकी खात्याच्या माणसांनी यात का पडावे, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. हंगामात आम्ही फडावर असतो. तोड चालू असताना सावलीला बसलेली बाई दिसते. विचारले तर "अंगावरून जातंय", "ओटीपोट दुखतंय" एवढेच कळते, आणि मागोमाग कुणीतरी म्हणते, "पिशवी काढून टाकायला सांगितलीय." हीच भाषा पुढे सभासदांच्या घरीही ऐकू येते. पिशवी म्हणजे काय, ती कधी काढावी लागते, ऑपरेशन कशाला म्हणायचे याचा मोठा घोळ आहे. तो निस्तरावा म्हणून ही माहिती. आम्ही डॉक्टर नव्हे. पण बियाणे-औषधाच्या पिशवीवरचा मजकूर वाचून दाखवतो, तसे हेही नीट विचारून, समजून घेऊन लिहिले आहे.

केडगावकरांना तर हा विषय परका असण्याचे कारण नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार बायका-मुलींना आणून केडगावच्या माळावर आसरा दिला. मुक्ती मिशन आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्याही आधी, १८८२ साली, पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष देताना रमाबाईंनी बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात अशी मागणी केली होती. बाई आपले दुखणे पुरुषाला सांगत नाही आणि न सांगता मरते, हा त्यांचा मुद्दा. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई स्वतः हजर होत्या. १८८२ च्या त्या साक्षीतले दुखणे अजून संपलेले नाही, हे फडावर फिरताना जाणवते.

प्रथम शरीराची रचना. ओटीपोटात मुठीएवढी गर्भपिशवी असते. तिच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाशी दोन बीजकोश. बीजकोशातून साधारण महिन्याला एक बीज सुटते. त्याच सुमारास पिशवीच्या आत मऊ अस्तर तयार होते. वाफ्यात बी पडायच्या आधी माती भुसभुशीत करतो, तसे म्हणा. बीज फळले नाही तर ते अस्तर रक्तासह बाहेर पडते, तीच पाळी. म्हणजे पाळीचे रक्त घाण नव्हे, विटाळ तर मुळीच नव्हे. ज्या अस्तरावर आपण सगळे नऊ महिने वाढलो, तेच ते. २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने येणारी पाळी ठीक समजतात. २८ दिवस हा नुसता मधला आकडा.

इथे हिशेबाची एक गोष्ट आहे आणि ती पुष्कळ जण उलटी धरतात. बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या आधी साधारण चौदा दिवस. मागच्या पाळीनंतर चौदा दिवस असा नेम नाही. पाळी पुढे-मागे होणाऱ्या बाईचा हा दिवस आधी सांगताच येत नाही. बीज एक दिवसभर टिकते, पण पुरुषबीज बाईच्या अंगात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून "अमुक दिवस सोडले की काळजी नाही" या भरवशावर राहिलेल्यांच्या घरी पाळणा हलतो. तसेच "मूल अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत" हेही अर्धेच खरे. मूल सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला वरचे पाणीसुद्धा न देता रात्रंदिवस फक्त अंगावरचे दूध हवे, आणि आईची पाळी परत सुरू झालेली नको. या तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच तो आधार धरता येतो. एक जरी सुटली तरी दुसरा उपाय पाहिजे.

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, हेही एकदा छापून टाकतो. बाईकडून दरवेळी एकाच जातीचे बीज येते, पुरुषाकडून दोन जातींचे. तेव्हा मुली झाल्या म्हणून सुनेला बोलणाऱ्या घराने आधी आपल्या लेकाकडे बघावे. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा आपल्या राज्याने १८८८ नव्हे, १९८८ सालीच केला, देशाचा १९९४ चा. तपासून घेणारा आणि करणारा दोघेही त्यात सापडतात.

आता पाळणा लांबवण्याचे उपाय. महाराष्ट्रात हा विषय उघड बोलायला सुरुवात केली ती प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे ते थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई बाळंतपणात गेली. १९२१ साली त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ चा, म्हणजे कर्व्यांनंतर तीस वर्षांनी आला.

पुढे सांगितलेल्या वस्तू सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. निरोध सर्वांना ठाऊक आहे. १९६८ पासून सरकार तो वाटत आले आहे. दिवस राहण्यापासून आणि गुप्तरोगापासून असे दोन्ही बाजूंनी राखणारा तेवढा एकच उपाय आहे, मात्र दर वेळी नवा आणि सुरुवातीपासून वापरावा लागतो. रोजच्या गोळ्या म्हणजे माला-एन. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून आठवडाभर निरोधही वापरावा. अंगावर सहा महिन्यांच्या आतले मूल असेल, ब्लडप्रेशर असेल, अर्धशिशीचा जोराचा त्रास असेल तर या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत. आणि गोळी बाईनेच गिळायची असते. हे लिहावे लागते, कारण नवऱ्याने गोळी घेतल्याचे किस्से आरोग्य खात्यातली मंडळी अजून सांगतात.

'छाया' नावाची गोळी निराळी आहे. ती लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी काढली आणि १९९१ पासून 'सहेली' या नावाने बाजारात आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. वार ठरवून घ्यावेत. पाळीपाळीने पाण्याचे वार सांभाळणाऱ्या घराला हे काही अवघड नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. सुरुवातीला पाळी लांबते, त्याने घाबरू नये.

'अंतरा' हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा असते. सरकारी कार्यक्रमात ते २०१७ साली आले. त्यावर पाळी अनियमित होते, कधी बंदही राहते. रक्त आत साठत नाही, अस्तरच तयार होत नाही म्हणून ती येत नाही. ते सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. लगेच मूल हवे असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तांबीबद्दल जितके गैरसमज तितके पोक्का बोंगबद्दलही नसतील. ती वर छातीकडे सरकत नाही. एक प्रकारची तांबी पाच वर्षे आणि दुसरी दहा वर्षे चालते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवून घेता येते. पहिले काही महिने रक्तस्राव थोडा जास्त होतो. म्हणून अंगात रक्त कमी असलेल्या बाईने आधी तपासणी करावी. काढली की लगेच दिवस राहू शकतात.

संबंध होऊन गेला आणि काळजी वाटते आहे, अशा वेळची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. ती आणीबाणीची आहे, दर महिन्याची नव्हे.

राहिले ऑपरेशन. इथेच खरा घोळ आहे. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये पिशवी काढत नाहीत. दोन नळ्या बंद करतात, बस्स. पाट बंद केला म्हणून विहीर बुजली असे होत नाही. पाळी पूर्वीसारखी येते, बीजकोश आपले काम करतात. पुरुषाचेही तसेच. बिनटाक्याच्या नसबंदीत दोन बारीक नळ्या बांधतात. टाका नाही, त्याच दिवशी घरी. पुरुषाची ताकद ज्या रसावर चालते तो रक्तातून अंगभर फिरतो, त्या नळीतून जातच नाही. तेव्हा उसाची मोळी उचलता येणार नाही, मर्दानगी जाईल, या गप्पांत अर्थ नाही. एवढेच की लगेच भरवसा धरू नये. तीन महिने निरोध वापरून वीर्य तपासून घ्यावे.

पुरुषाचे ऑपरेशन सोपे, बाईचे पोट उघडण्याचे. तरी देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळपास ३८ विवाहित बायकांची नसबंदी झालेली आढळली, आणि पुरुषांची हजारात तीन. याला एक इतिहास आहे. १९७६ साली आणीबाणीत सक्ती झाली. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. आपल्या राज्याने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही दोन्ही सभागृहांत मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही. त्या वेळी पिकात लपून बसलेल्या माणसांच्या गोष्टी म्हातारी माणसे सांगतात. सक्ती गेली पण धास्ती राहिली, आणि सगळा भार बायकांवर येऊन पडला. आमच्या मते पन्नास वर्षांपूर्वीच्या धास्तीचा हप्ता आजच्या सुनेने भरावा, हे बरोबर नाही.

नको असताना दिवस राहिलेच तर गावठी औषध, काडी, झाडपाला यांच्या वाटेला जाऊ नये. त्यात जीव जातो. १९७१ च्या कायद्याने, मान्यताप्राप्त दवाखान्यात डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, आणि ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही, आणि दवाखान्याने नाव गुप्त ठेवायचे असते.

आता फडाकडे येऊ. आपला ऊस तोडायला बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांची, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीत दुखले, अंगावरून गेले, तरी पहाटे फडात उभे राहावेच लागते. आडोसा नाही म्हणून बाया पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, मग ओलसर कापड वापरले जाते. खाज, जळजळ, पांढरे जाणे यांची सुरुवात पुष्कळदा अशी होते. लग्न कोवळ्या वयात, दोन-तीन बाळंतपणे पंचविशीच्या आत, आणि मग दुखणे घेऊन बाई दवाखान्यात गेली की एक वाक्य ऐकू येते, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल."

२०१९ साली हा प्रकार राज्यभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पिकात एवढा फरक दिसला असता तर आपण त्याच दिवशी माती तपासायला पाठवली असती. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितले.

पैशाचा हिशेबही बघा. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून वाढीव उचल घेतली जाते, ती फेडायला पुढचा हंगाम बांधला जातो. "पाळीची कटकट गेली, खाडा वाचला" म्हणून केलेले ऑपरेशन हे असे अंगावर येते. शरीराचे म्हणाल तर पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर ज्या रसावर हाडे आणि काळीज धड राहतात तो एकदम आटतो. तिशीतल्या बाईला पन्नाशीचे दुखणे लागते. अंगाची आग, घाम, सांधे-कंबर धरणे, हाडे ठिसूळ होणे. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचे वय काहीसे अलीकडे येऊ शकते.

मग पिशवी कधी काढावी? कॅन्सर झालेला असेल, मोठ्या गाठींमुळे किंवा इतर कारणाने औषधांनीही न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग फार बाहेर येत असेल, किंवा बाळंतपणात रक्त थांबत नसेल आणि जीव वाचवायचा असेल, तेव्हा ती काढावी लागते आणि काढलीच पाहिजे. तेव्हा टाळाटाळ करू नये. पण पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. थोडे पाण्यासारखे पांढरे जाणे तर निसर्गाचेच आहे. त्याला वास येतो, दह्यासारखे किंवा हिरवट-पिवळे जाते, खाज सुटते, तेव्हा ते जंतूचे दुखणे असते आणि गोळ्यांनी बरे होते. पुष्कळदा नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावे लागते. त्याने घेतले नाही तर तिचे दुखणे परत येते. एकाच बांधाच्या दोन शेतांत तण असताना एकीकडेच खुरपून काय होणार? कुणी पिशवी काढायला सांगितले तर सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. यवतचे ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आहे. आधी औषधाने होईल का, बीजकोश ठेवणार का, हे दोन प्रश्न तोंडाने विचारावेत.

कॅन्सरची भीती खरी आहे, पण तिला उत्तर पिशवी काढणे नसून तपासणी करणे आहे. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि व्हायला बरीच वर्षे घेतो, तेवढ्या अवधीत तो पकडता येतो. हे आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे. मुंबईचे टाटा मेमोरिअल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गावांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सरकारी दवाखान्यात तिशीनंतरच्या बायकांची साधी तपासणी होते, काही मिनिटांचे काम आहे. मुलींसाठी नऊ ते चौदा वर्षे वयात घेण्याची लसही आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर मात्र लाजेने घरी बसू नये.

रक्त कमी असण्याविषयी दोन शब्द. हिमोग्लोबिन बारा, गरोदरपणी अकरा, याच्या खाली असेल तर रक्त कमी. गुळात लोह असते हे खरे, पण आपल्या भागात गुऱ्हाळे भरपूर असूनही बाया फिकट आहेत, यातच सगळे आले. लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतात. गरोदरपणात १८० दिवस आणि नंतर १८० दिवस. गोळीवर चहा पिऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा चालतो. संडास काळी होते, त्याची धास्ती नको.

ज्या सभासदांच्या फडात टोळी आहे त्यांनी पिण्याच्या पाण्याचा एक वेगळा ड्रम आणि वापरण्याच्या पाण्याचा दुसरा बांधावर ठेवावा. चार बांबू आणि जुन्या बारदानाचा आडोसा एका तासात उभा राहतो. टोळी पुढच्या फडात जाताना तो उचलून नेता येतो. कोपीजवळ विजेची बत्ती असेल तर बायांना रात्री बाहेर जाता येते.

गरोदर बाईजवळ माता-बालकाचे कार्ड असेल तर ते कोणत्याही जिल्ह्यात चालते. गावाकडे राहिले असेल तर इथल्या आशाताईंकडून नवीन करून मिळते. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काही दिसले तर टायरगाडीची वाट न बघता १०८ ला फोन करावा. टोळी उतरली की गटाचे चिटबॉय कोयत्यांची नोंद करतानाच गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची वेगळी नोंद घेऊन त्या गावच्या आशाताईंना कळवतील. त्यांना ती माहिती मुकादमाकडे न विचारता बायांकडेच विचारू द्यावी, आणि सभासदांच्या घरातली एखादी बाई सोबत असली तर फार बरे पडते.